मिशनच्या कामाची तळमळ कागदावर उतरतच नाही, काय करू?

नगरची_पोरगी
सर्वांना जय ख्रिस्त. थोडं लांबणारे, सांभाळून घ्या.

मी एका मिशन हॉस्पिटलात फिजिओथेरपीला आहे, तीन वर्षं झाली, कुष्ठरोगाचं काम. कुठलं हॉस्पिटल ते विचारू नका. आमच्या मंडळीच्या मासिकाचा मिशन रविवार विशेषांक निघतोय आणि पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सगळ्यांसमोर जाहीरच करून टाकलं की यंदा आपली ताई लिहिणार, पाचशे शब्द. वर मला म्हणाले, तुझी तळमळ उतरव बाळा त्यात, तरुण संघातल्या पोरांना वाचून वाटलं पाहिजे की आपणही जावं. झालं. तेव्हापासून चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं.

आत्ता जे आहे त्यातलं थोडं टाकते, हसू नका:

"प्रभूच्या असीम कृपेने मला या दीनदुबळ्यांच्या सेवेची संधी लाभली. समाजाने झिडकारलेल्या या जिवांच्या अंधारमय जीवनात प्रीतीचा दिवा लावताना माझे अंतःकरण आनंदाने भरून येते."

आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली छान आहे, आणि मेथी निवडायला लागली.

यातलं खोटं काहीच नाहीये पण मी अशी बोलतच नाही ना. सकाळी ओपीडी सुरू झाल्यापासून माझ्या तोंडात "पाय वर घ्या काका, आता दुसरा" एवढंच असतं. घरी आल्यावर मात्र माझी टकळी बंद होत नाही, भाऊ म्हणतो तुझं हॉस्पिटल पुराण आवर. म्हणजे आत काहीतरी आहे, कागदावर येताना त्याचं काय होतं तेच कळत नाहीये. कुणी असं लिहिलं असेल तर सांगा कसं जमवलंत. पंधरा दिवस आहेत हातात.

रील_भाऊ
ताई पाचशे शब्द कोण वाचतंय आता, नव्वद सेकंदांची रील करा, मागे एखादं भजन, पेशंटचे चेहरे, बघा कसे लोक रडतात.

दोन_ओळी
रीलवाल्या भाऊंचं बाजूला ठेव. वयाने मोठा आहे म्हणून अगं तुगं करतोय.

मी एका ख्रिस्ती मासिकाची प्रुफं एकोणीस वर्षं तपासली, मानधन म्हणजे अंक फुकट आणि नाताळला केकचा डबा. त्यामुळे "असीम कृपा" आणि "दीनदुबळे" हे शब्द मला डोळे मिटून ओळखू येतात. तुझ्या परिच्छेदातला एकही शब्द तुझा नाही. अर्धे जुन्या मिशन रिपोर्टांच्या भाषांतरातले, अर्धे पुलपिटावरचे. माणूस लिहायला बसला की आपोआप रविवारचे कपडे घालतो, तसं झालंय. आपल्या लोकांत हे जास्तच होतं कारण आपली छापील भाषा आपल्या बोलण्यातून कमी आणि शास्त्राच्या भाषांतरातून जास्त आलेली आहे.

तू नगरची, म्हणजे तुला घरचंच उदाहरण देतो. नारायण वामन टिळक. बाप्तिस्मा १८९५ सालचा. माणूस मुळात कवी, आणि ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी इंग्रजी हिम्नच्या चालीत मराठी कोंबत बसण्यापेक्षा अभंग घेतला, ओवी घेतली, कीर्तन घेतलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. त्यांची पदं आपल्या उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकात आहेत म्हणून आपण न बघता म्हणतो, पण एकदा शांतपणे वाच, त्यात रिपोर्टाचा वास नाही. १९१२ पासून जाईपर्यंत ज्ञानोदय या ख्रिस्ती नियतकालिकाची मराठी बाजू त्यांनी सांभाळली, आणि ज्ञानोदय म्हणजे १८४२ ला तुमच्या नगरातच सुरू झालेलं. तेव्हा "आम्हाला लिहिता येत नाही" हे कारण निदान नगरकराने सांगू नये :)

दुसरं उदाहरण एकदम उलटं. विल्यम केरी. मराठी नवा करार श्रीरामपुरात छापला तोच, १८११ ला. (श्रीरामपूर म्हणजे बंगालचं, तुमच्या जिल्ह्यातलं नाही, दर वेळी कुणीतरी विचारतं.) त्याने १७९२ ला इंग्लंडमध्ये एक छोटं पुस्तक काढलं, लोकांनी मिशनला का जावं यावर. त्यात पानंच्या पानं कोष्टकं आहेत. देशाचं नाव, लांबी, रुंदी, लोकसंख्या, धर्म. बस. पेशाने चपला बुट शिवणारा माणूस, परदेश बघितलेला नाही, कुठून कुठून आकडे गोळा करून बसलाय. ती कोष्टकं बघितली की कळतं की या माणसाला झोप नव्हती. "माझे अंतःकरण" वगैरे लिहायची गरजच पडली नाही त्याला.

आता तुला एकच विचारतो, त्याचं उत्तर इथंच टाइप कर, लेख म्हणून नको. कामावर शेवटची कधी चिडलीस? कुणावर आणि कशापायी?

नगरची_पोरगी
चिडले ते कशाला लिहू 🙈 बरं सांगते.

मागच्या गुरुवारी. एक आजोबा आहेत, सत्तरीचे असतील, औषधं कधीच संपलीत, रोग बरा झालाय, पण पायातली नस गेली ती गेलीच. तळपायाला काही कळत नाही. निखाऱ्यावर पाय पडला तरी कळणार नाही असं. तर त्यांची तीच जखम, अंगठ्याखालची, तिसऱ्यांदा उघडली. पट्टी सोडली तर आत बाभळीचा काटा, चांगला अर्ध्या बोटाएवढा, आणि ते त्याच्यावर एसटी स्टॅण्डपासून चालत आलेले. मी विचारलं चप्पल कुठाय. आम्ही देतो ना एमसीआरची, म्हणजे खाली मऊ रबर असतं, खिळा एकसुद्धा मारायचा नाही, सगळं चिकटवून आणि शिवून, मागनं पट्टा, कारण बोटं वाकडी झालेली असली की अंगठ्याची चप्पल पायात राहतच नाही. मी स्वतः कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने त्यांचं माप घेतलेलं. म्हणाले घरी आहे, खुंटीला, पिशवीत.

मग माझं डोकंच फिरलं. सगळ्या ओपीडीसमोर बोलले, तुम्हाला पाय नकोयत का, आम्ही कशाला मरमर करतो, पुढच्या वेळी बोट काढावं लागेल मग रडू नका. ते गप्प ऐकत होते. मी दम खायला थांबले तेव्हा म्हणाले, "ताई, ती चप्पल घातली की स्टॅण्डवर कुणाला सांगायचं काम पडत नाही. चहावाला आपसूक कागदाचा कप काढतो."

खरंच आहे ते. आमच्या चपला सगळ्या एकाच काळ्या रंगाच्या, एकाच घाटाच्या. आख्ख्या तालुक्याला माहितीये ही चप्पल म्हणजे काय. मी तीन वर्षांत दोनेकशे मापं घेतली असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग संध्याकाळी मी आणि आमच्या चप्पल विभागातले मामा बसलो, बाजारातनं तपकिरी सॅन्डल आणली होती, तिचं वरचं ठेवलं, तळ काढून आमचं रबर लावलं, बकल काढून वेल्क्रो, कारण हाताची बोटं पण धड नाहीत त्यांची. साडेसात वाजले. मामा म्हणाले हे असं प्रत्येकाचं करायला लागलो तर माझा संसार मोडेल.

एवढंच. पण हे काय मिशन रविवारच्या अंकात देण्यासारखं आहे का, यात मी एका म्हाताऱ्या माणसावर ओरडलेय.

वसईकर_बाप्पा
आई मेरी! अगो हेच पाठव. एक शब्द बदलू नको.

पुणेरी_वाचक
मी ख्रिस्ती नाही, इथे भाषेच्या गप्पांसाठी येतो. स्पष्ट लिहितो, राग नसावा.

तुमचा पहिला परिच्छेद वाचून मी पान बंद करणार होतो. मिशनऱ्यांच्या लिखाणात "अंधार" आला की आमच्यासारख्याला लगेच वाटतं की अंधार म्हणजे आम्हीच. माझी आजी, तिचा देव्हारा, सगळं त्या अंधारात जमा. तुमच्या मनात तसं नसेलही पण शब्दावर तो डाग आहे शे दीडशे वर्षांचा. दुसऱ्या पोस्टमध्ये अंधार कुठंच नाहीये आणि ती मी दोनदा वाचली, बायकोला पण वाचून दाखवली. पहिल्यात "जीव" आहेत, दुसऱ्यात एक माणूस आहे ज्याला चहाच्या कपावरून स्वतःचं मत आहे.

आमच्या घरात ख्रिस्ती म्हणावं असं एकच पुस्तक, स्मृतिचित्रे. लक्ष्मीबाई टिळकांचं. आईने पारायणं केलीत त्याची. त्यात नवरा ख्रिस्ती झाल्यावर ही बाई कशी तुटली, वेड लागायची पाळी कशी आली, मग पाच वर्षांनी स्वतःच त्या वाटेने कशी गेली ते सगळं आहे, पण सोवळ्याची गंमत, नवऱ्याचा भोळसटपणा, पैशांचे घोळ, हसत हसत. शाळेत न गेलेल्या बाईने लिहिलंय, बोलते तसंच. कुठेही ती मला पटवायला बसत नाही आणि म्हणूनच मी तिचं ऐकून घेतो.

एक प्रश्न मात्र विचारणार. ही चप्पल देताना तुम्ही त्या आजोबांना धर्माचं काही सांगता का? वाचकाच्या मनात हे येणारच, तेव्हा लेखात टाळू नका.

पाळकीणबाई
बाळा, लिहितेस छान. पण मी जरा वेगळं बोलणार आहे, वाईट वाटून घेऊ नको.

पस्तीस वर्षं पाळकाची बायको म्हणून पाच गावं फिरले. तुझी ही गोष्ट वाचून डोळ्यात पाणी आलं पण मग मनात आलं, यात प्रभू कुठाय? ही गोष्ट एखाद्या संस्थेच्या पत्रकात पण चालेल, सरकारी दवाखान्यातली नर्सबाई पण लिहील, आणि चांगलंच आहे की ते. पण तुला पाळकसाहेबांनी मिशन रविवारसाठी सांगितलंय. त्या असीम कृपेला तुम्ही सगळे हसताय, माझ्या सासूबाईंना लिहिता येत नव्हतं, साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की "प्रभूच्या कृपेने" एवढंच म्हणायच्या आणि रडायच्या, आणि त्यांचं ते खरं होतं. शब्द जुना झाला म्हणून फेकायचा नसतो. पुण्याच्या दादांना आवडावं म्हणून ख्रिस्ताला दाराबाहेर उभं करणार का?

पुणेरी_वाचक
बाई, मी बाहेर उभं करा म्हटलं नाही, उलट लपवू नका असंच म्हणतोय. सासूबाईंचं पटलं.

नगरची_पोरगी
दोघांना एकत्रच उत्तर देते.

दादा, नाही सांगत. ओपीडी सुरू व्हायच्या आधी प्रार्थना असते, ज्याला बसायचं तो बसतो, नाही बसला तरी नंबर तोच. आजोबा बसत नाहीत, बाहेर बिडी ओढतात. त्यांच्या गळ्यात माळ आहे, वारी करायचे, पाय गेल्यापासून बंद झाली. मी त्यांना कधी काही म्हटलं नाही. कुणी विचारलं तर सांगते मी का करते ते, लपवण्यासारखं काही नाही त्यात.

पाळकीणबाई, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. खरं सांगू का. त्या रात्री मी प्रार्थनेत प्रभूची माफी मागितली. आजोबांवर ओरडले म्हणून. आणि झोप लागली मस्त. सकाळी उठल्यावर लक्षात आलं की माफी त्यांची मागायला पाहिजे होती, आणि ती मागायची मला लाज वाटतेय. म्हणून ती सॅन्डल. ती काय फार मोठी सेवा बिवा नाहीये, तोंडाने बोलता येईना म्हणून हाताने केलेलं आहे. मत्तयात आहे ना, वेदीपाशी अर्पण तसंच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. ते मी संडे स्कूलमध्ये पाठ म्हणून बक्षीस घेतलंय, कंपासपेटी.

आता यात प्रभू आहे की नाही मला माहीत नाही.

पाळकीणबाई
आहे गं. हे लिही. कंपासपेटीसकट.

बोस्टनची_मावशी
उशिरा आले. मी इथे अमेरिकेत, देणगी देणाऱ्यांच्या बाजूची. दर नाताळला चार पाच संस्थांची पत्रं येतात, चकचकीत कागद, "यावर्षी इतक्या जिवांना स्पर्श केला". सगळी सारखीच. कुणाचं पत्र कुणाच्या पाकिटात घातलं तरी कळणार नाही.

पंडिता रमाबाईंचं आठवलं, कारण इथंच घडलंय. १८८७ ला फिलाडेल्फियात त्यांनी इंग्रजीत पुस्तक काढलं, उच्चवर्णीय हिंदू बाईच्या हालांवर, आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केलेलं. त्यात गळा काढलेला नाही. मनुस्मृती काय म्हणते, लग्न किती वर्षांच्या पोरीचं होतं, विधवा झाली की काय होतं, एकामागून एक, वकिलासारखं. आणि शेवटी मला शाळा काढायचीये, त्याला हे हे लागेल. त्याच साली बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. मार्च १८८९ ला मुंबईत ती शाळा, शारदा सदन, सुरू. केडगावचं मुक्ती मिशन पुढचं. गंमत म्हणजे त्या पुस्तकात धर्मप्रसार असा नाहीच फारसा आणि बाई तर तेव्हा ख्रिस्ती झालेल्या होत्या. पण शारदा सदनात कुणावर धर्माची सक्ती नाही असं ठरवूनही नंतर पुण्यात त्यावरनंच केवढं वादळ झालं, तेव्हा पुणेकर दादांचा प्रश्न जुनाच आहे.

माझं म्हणणं एवढंच, शेवटी काय पाहिजे ते स्पष्ट लिही. माणसं पाहिजेत? कसली? चप्पल शिवणारी? मामांना एक मदतनीस पाहिजे असं सरळ लिही. "कापणी पुष्कळ आहे" लिहून तरुण संघातला कुणी उठणार नाही, वेल्क्रो लावायला येता का विचार.

वसईकर_बाप्पा
हे लय भारी वेल्क्रोचं.

मी पण एक टाकतो. आमच्या कॅथलिकांत ऑक्टोबरमध्ये मिशन रविवार असतो, शेवटून दुसरा रविवार, १९२६ पासून जगभर. मी पत्रिकेचं काम बघायचो. एकदा एका आश्रमशाळेच्या पोरीचा फोटो आला होता, केस पिंजारलेले, फाटका फ्रॉक, आम्ही छापला, खाली "मिशनच्या प्रतीक्षेत". सात आठ वर्षांनी ती पोरगी नर्सिंग शिकून आमच्याच पॅरिशमधे सून म्हणून आली आणि तिच्या जावेने रद्दीत तो अंक काढून तिला दाखवला. मी तिच्या समोरून आजही मान खाली घालून जातो. तेव्हा आजोबांना विचार. नाव, गाव, फोटो, काय चालेल काय नाही. नाही म्हणाले तर नाही.

आणि रील_भाऊ, तुम्ही म्हणता ते चेहरे दाखवायचं काम नकोच हां.

रील_भाऊ
बरोबर आहे, चुकलं. मला ते चहाच्या कपाचं माहीतच नव्हतं.

दोन_ओळी
फादर स्टीफन्सचं पण आठवतंय या निमित्ताने. १६१६ चं ख्रिस्तपुराण, इंग्रज माणूस, मराठी ओवी. गोव्यातल्या साष्टीतले लोक म्हणाले आमची जुनी पुराणं तर बंद केलीत, मग त्या जागी आमच्या भाषेत काहीतरी द्या, म्हणून त्याने पुराणच लिहिलं, असं पुस्तकातच आहे. पोर्तुगीजांची जबरदस्ती हा त्याच्यामागचा काळा भाग आहेच, तो झाकायचा नाही. पण ऐकणारा काय मागतोय ते त्याने ऐकलं आणि मग लेखणी धरली. तू पण चहाचा कप ऐकलास म्हणून हे जमतंय. एक प्रुफरीडरची सूचना, "मरमर करतो" तसंच ठेव, संपादक "परिश्रम घेतो" करायला बघेल.

नगरची_पोरगी
अपडेट. आजोबा काल आले.

आधी माफी मागितली, नीट जमली नाही, मधेच मला रडू आलं आणि ते घाबरले. मग सॅन्डल घालून बघितली. डावी बरोबर, उजवीची मागची पट्टी घासतेय, मामांकडे परत दिलीय. लेखाचं विचारलं. पूर्ण वाचून दाखवलं, बाहेरच्या बाकावर, ते बिडी विझवून ऐकत होते. म्हणाले लिहा की, पण नाव नको. गावाचं नाव मात्र टाका, फक्त आमचं नको, शेजारचं टाका, त्यांना लय माज आलाय. 😄 अर्थात कुठलंच टाकणार नाहीये. आणि म्हणाले, "तुम्ही ओरडलात ते कमी लिहिलंय."

आठशेवीस शब्द झालेत. पाळकसाहेबांनी वाचलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले जागा करतो, पण शेवटी एक वचन टाक. मला आता सुचत नाहीये, मत्तयातलं मधे येऊन गेलंय.

पाळकीणबाई
योहान १३. पाय धुतले ते. पण अख्खं छापू नको, नुसता आकडा दे, घरी जाऊन उघडतील.

दोन_ओळी
+१. आणि शीर्षक "सेवेचा सुगंध" वगैरे करायला आले तर हाणून पाड.

नगरची_पोरगी
शीर्षक "उजवीची पट्टी" दिलंय, बघू टिकतं का.

श्रीगोंदा_७१
ताई विषय सोडून आहे पण ही एमसीआरची चप्पल बाहेर मिळते का, वडिलांना शुगर आहे, पायाला मुंग्या येऊन येऊन आता काही कळतच नाही म्हणतात.

नगरची_पोरगी
हो दादा, शुगरवाल्यांना पण तीच देतात. मेसेज करा, कुठे ते सांगते. मापाला येताना वडिलांना घेऊनच या, जुनी चप्पल आणून भागत नाही, आणि तोवर अनवाणी देवळात पण पाठवू नका. रोज रात्री तळवे तुम्ही स्वतः बघा, उजेडात.